सीआरटी प्रोजेक्टरचं हाय व्होल्टेज वारंवार ट्रिप होतं तेव्हा

सीआरटी प्रोजेक्टर म्हणजे लाल, हिरवी, निळी अशा तीन पिक्चर ट्यूबांचा प्रोजेक्टर. त्याचं हे लक्षण बहुतेकांच्या ओळखीचं आहे. प्रोजेक्टर चालू केला, पंखे फिरले, तिन्ही ट्यूबांच्या मानेत हीटर लाल झाले, चित्रही आलं. मग मध्येच 'टक्' असा आवाज होऊन पडदा काळा. बंद करून पाच मिनिटांनी चालू केला की पुन्हा सगळं व्यवस्थित, जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा वेळी 'एचव्ही (हाय व्होल्टेज) मॉड्यूल गेलंय, बदलून टाका' हा सल्ला हमखास मिळतो आणि तो बऱ्याचदा चुकीचा असतो.

सोनीची व्हीपीएच मालिका असो, बार्को असो की इलेक्ट्रोहोमचा मार्की, ७, ८ किंवा ९ इंची तीन ट्यूबांच्या या यंत्रांचे भाग आता कोणी बनवत नाही. जे मॉड्यूल मिळतं ते दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढलेलं, तितकंच जुनं. ते बसवलं आणि मूळ कारण बाहेर कुठेतरी तसंच राहिलं, तर थोड्या दिवसांत दोन मॉड्यूल हातात असतात आणि दोन्हींवर भरवसा नसतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: एचव्ही बंद पडणं म्हणजे एचव्ही बिघडणं नव्हे. कोणत्या तरी संरक्षण सर्किटने ते मुद्दाम बंद केलेलं असतं. ते सर्किट कोणतं आणि त्याला काय खटकलं, हे कळल्याशिवाय एकही सुटा भाग बदलू नका.

खालचं सगळं लिहिताना थिएटरवाले प्रोजेक्टर डोळ्यांसमोर आहेत, पण तीन ट्यूबांच्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीलाही ते जवळजवळ तसंच लागू पडतं.

आधी जिवाचं

अॅनोडला, म्हणजे ट्यूबच्या धन टोकाला, ३० ते ३५ किलोव्होल्ट असतात, म्हणून सगळे त्यालाच घाबरतात. घाबरायलाच हवं. पण हिशेब करून बघा. ट्यूब आणि स्प्लिटर (एचव्ही तिन्ही ट्यूबांना वाटणारा ब्लॉक) मिळून १ नॅनोफॅरड धरला तर ३४ किलोव्होल्टला साठलेली ऊर्जा सुमारे ०.५८ जूल होते. पॉवर सप्लायच्या प्रायमरीतला, म्हणजे मेन्सच्या बाजूचा, ४७० मायक्रोफॅरडचा मेन फिल्टर कंडेन्सर २३० व्होल्ट मेन्सवर सुमारे ३२५ व्होल्टला चार्ज होतो, आणि त्यात जवळजवळ २५ जूल असतात. म्हणजे ४० पटींहून जास्त. अॅनोडचा झटका हात फेकून देतो, माणूस मागे आदळतो, कोपर कशावर तरी फुटतं. प्रायमरीचा झटका मात्र हात धरून ठेवू शकतो. दोन्ही डिस्चार्ज झालेत याची मीटरने खात्री करूनच आत हात घाला.

अॅनोड डिस्चार्ज करायला स्क्रू-ड्रायव्हर आणि वायरचा तुकडा वापरू नका. त्या पद्धतीत क्षणभर प्रचंड करंट वाहतो, तो चॅसिसमधून वाट काढतो आणि डिजिटल कन्व्हर्जन्स (तिन्ही रंग एकमेकांवर जुळवणाऱ्या) बोर्डावरच्या आयसी घेऊन जातो. मीटरला जोडायचा ४० किलोव्होल्टचा प्रोब हे इथलं खरं हत्यार आहे. अशा प्रोबचा रेझिस्टन्स साधारण १००० मेगाओहम असतो. १ नॅनोफॅरडशी त्याचा टाइम कॉन्स्टंट १ सेकंद येतो, म्हणजे टोक टेकवून अर्धा मिनिट धरलं की व्होल्टेज शून्याकडे उतरताना मीटरवर डोळ्यांनी दिसतं. मोजणंही झालं आणि डिस्चार्जही झाला. प्रोबची अर्थ क्लिप आधी लावायची, ट्यूबच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या वेणीदार तारेला. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा टेकवा, कारण काचेत मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो.

बहुतेक प्रोजेक्शन ट्यूबांची अॅनोड वायर ट्यूबच्या बाजूने कायमची चिकटवलेली असते आणि निघते ती स्प्लिटरच्या बाजूने. म्हणजे स्प्लिटरमधून प्लग उपसलात की ट्यूबमधला चार्ज त्या प्लगच्या टोकावर तसाच बसलेला असतो. प्लग काढताक्षणी टोक प्रोबला लावा.

घराच्या वायरिंगमधली तिसरी पिन खरोखर अर्थला जोडलेली आहे का, हेही एकदा तपासा. जुन्या इमारतींत ती कित्येकदा नुसती शोभेला असते. प्रायमरीवर ऑसिलोस्कोप लावायचा असेल तर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका. एकटे असताना हे काम करू नका.

कोणी बंद केलं?

साध्या टीव्हीत ईएचटी, म्हणजे हेच अॅनोडचं व्होल्टेज, बीम आडवा फिरवणाऱ्या हॉरिझॉन्टल आउटपुटमधूनच निघतं. मल्टीस्कॅन प्रोजेक्टरमध्ये तसं करता येत नाही, कारण सिग्नलप्रमाणे हॉरिझॉन्टल फ्रीक्वेन्सी १५ किलोहर्ट्झपासून कितीतरी वर जाते आणि अॅनोड व्होल्टेज मात्र जागचं हलता कामा नये. म्हणून एचव्हीचा जनरेटर वेगळा असतो: स्वतःचा बी प्लस (डीसी सप्लाय), स्वतःचे मॉस्फेट, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, आणि बाहेर पडणारं व्होल्टेज मोजून परत आणणारा मोठ्या रेझिस्टरांचा डिव्हायडर. तिथून स्प्लिटर, आणि स्प्लिटरमधून तिन्ही ट्यूबांना वायरी.

या जनरेटरला बंद करण्याचा अधिकार तीन वेगवेगळ्या सर्किटांना असतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेवर गेलं तर ओव्हरव्होल्टेज किंवा एक्स-रे संरक्षण. करंट जास्त ओढला गेला तर ओव्हरकरंट. आणि डिफ्लेक्शन, म्हणजे बीम पडद्यावर फिरवणं, थांबलं तर स्कॅन-फेल, कारण इलेक्ट्रॉनांचा बीम एका जागी स्थिर राहिला तर प्रोजेक्शन ट्यूबचा फॉस्फर बघता बघता कायमचा जळतो. काही यंत्रं इनपुटला सिंक नसेल तरीही एचव्ही थांबवतात. केबल सैल असल्यामुळे 'एचव्ही डेड' ठरवलेली यंत्रं असतात, म्हणून सगळ्यात आधी ओळखीचा, खात्रीचा सिग्नल द्या.

बऱ्याच मॉडेलांत बोर्डावर छोटे एलईडी असतात आणि ट्रिप झाल्यावर त्यांतला एखादा पेटून राहतो. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की ती माहिती पुसली जाते. त्यामुळे पुढच्या वेळी चित्र गेलं की हात स्विचकडे जाऊ देऊ नका. झाकण आधीच उघडं ठेवा, आतल्या एलईडींचा फोटो काढा, सर्व्हिस मॅन्युअलमधला अर्थ बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

एलईडी नसतील तर घड्याळ वापरा. ट्रिप व्हायला लागणारा वेळ पुष्कळ सांगून जातो.

चालू करताक्षणी, चित्र यायच्या आधीच ट्रिप: मॉड्यूलमध्ये, स्प्लिटरमध्ये किंवा डिफ्लेक्शनमध्ये सरळ शॉर्ट किंवा ओपन आहे. वीस-तीस सेकंदांनी, म्हणजे हीटर तापून बीम सुरू होण्याच्या सुमारास ट्रिप: कुठल्या तरी ट्यूबचा बीम बेलगाम झालाय. दहा मिनिटं ते अर्ध्या तासाने, दर वेळी साधारण सारख्याच वेळाने: उष्णतेने सरकणारा भाग. कधीही, पण आधी 'चट्' असा आवाज: स्पार्किंग. पावसाळ्यातच, किंवा सकाळी पहिल्यांदा लावल्यावरच: ओल आणि लीकेज. उजळ दृश्य आलं की ट्रिप, अंधाऱ्या दृश्यात तासभर ठीक: करंटची मर्यादा ओलांडली जातेय, मग एक तर बीम जास्त आहे किंवा मॉड्यूलची ताकद कमी झाली आहे.

हीटर तापल्यावर ट्रिप: जी-टूपासून सुरुवात करा

हा प्रकार इतका सर्रास सापडतो आणि त्यापायी चांगली मॉड्यूल इतकी वाया जातात की यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

कॅथोडवर (ट्यूबच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर) चित्राच्या काळ्या पातळीला साधारण दीडशे-पावणेदोनशे व्होल्ट असतात. हे व्होल्टेज ट्यूबच्या मानेवर बसणाऱ्या नेक बोर्डावरच्या व्हिडिओ आउटपुट स्टेजकडून येतं. त्या स्टेजचा सप्लाय तुटला, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला किंवा ट्यूबच्या आत कॅथोड आणि हीटर चिकटले, तर कॅथोड खाली बसतो आणि ट्यूब पूर्ण क्षमतेने बीम ओढू लागते. पडद्यावर त्या रंगाचा झगझगीत आयत आणि तिरप्या रिट्रेस रेषा क्षणभर दिसतात, आणि ओव्हरकरंट सगळं बंद करतं. यात एचव्हीची काहीच चूक नसते. उलट त्याने ट्यूब वाचवलेली असते.

शोधायची सगळ्यात बिनधोक पद्धत म्हणजे जी-टू. स्प्लिटरवर किंवा फोकस ब्लॉकवर प्रत्येक ट्यूबचा जी-टूचा, म्हणजे ट्यूबमधल्या दुसऱ्या (स्क्रीन) जाळीचं व्होल्टेज लावायचा पॉट असतो. सध्याची जागा मार्करने खूण करून ठेवा आणि तिन्ही पॉट पूर्ण खाली करा. आता कोणत्याच ट्यूबमध्ये बीम नाही. एचव्ही टिकलं, अर्धा तास तसंच राहिलं, तर जनरेटर, स्प्लिटर आणि वायरी निर्भार अवस्थेत ठीक आहेत. मग एकेक जी-टू थोडा थोडा वर आणा. ज्या रंगावर ट्रिप होईल तिथे थांबा आणि त्या नेक बोर्डाचा कॅथोड व्होल्टेज बघा.

कॅथोड खाली असेल तर दोष बोर्डात की ट्यूबमध्ये, हे ठरवायला यंत्र बंद करून, डिस्चार्ज करून तो बोर्ड मानेवरून काढा आणि ट्यूबच्या पिनांवर मीटर लावा. कॅथोड ते हीटर आणि कॅथोड ते जी-वन (पहिली जाळी) यांच्यात थंड ट्यूबमध्ये काहीही दाखवायला नको. पण गरम झाल्यावरच चिकटणारे शॉर्ट थंड मापात सापडत नाहीत. त्यासाठी हिरव्या आणि लाल ट्यूबचे नेक बोर्ड सारखे असतील तर त्यांची अदलाबदल करा. दोष बोर्डाबरोबर गेला तर बोर्ड, जागीच राहिला तर ट्यूब.

नेक बोर्ड काढून यंत्र चालू करण्याची पद्धतही काहीजण सांगतात. ज्या ट्यूबांना इलेक्ट्रोस्टॅटिक फोकस आहे, त्यांची फोकसची वायर बेसमध्येच येते आणि तिच्यावर आठ-दहा किलोव्होल्ट असू शकतात. लोंबकळणारा बोर्ड चॅसिसला टेकला तर नवं संकट. त्यामुळे जी-टू आधी, नेक बोर्ड काढणं अगदी शेवटी. आणि एखाद्या ट्यूबची अॅनोड वायर स्प्लिटरमधून काढून बघायची असेल तर दोन गोष्टी न विसरता करा. स्प्लिटरचं रिकामं भोक त्याच्यासाठीच्या बंद प्लगने बुजवा, नाहीतर तिथूनच स्पार्क उडेल. आणि त्या ट्यूबचा हीटर किंवा जी-टू बंद ठेवा. अॅनोडला व्होल्टेज नसताना कॅथोड तापलेला राहिला तर सगळा करंट जी-टूच्या जाळीवर जातो आणि चांगली ट्यूब खराब होते.

ट्यूबच्या मानेत आतल्या बाजूला निळा-जांभळा प्रकाश पसरलेला दिसला तर ट्यूबमध्ये वायू शिरलाय. गेटरचा (आतला निर्वात टिकवणाऱ्या धातूचा) काचेवरचा चकचकीत डाग पांढरा पडला असेल तर हवाच शिरली. तिथे विषय संपला, ती ट्यूब गेली. पण वर्षानुवर्षं बंद असलेल्या चांगल्या ट्यूबमध्ये पहिल्या काही तासांत अधूनमधून 'चट्' होणं वेगळं. जी-टू कमी ठेवून, अंधाऱ्या चित्रावर ती चालवा. चटकारे कमी होत गेले तर ट्यूब सावरतेय, वाढत गेले तर नाही.

व्होल्टेज वर जाऊन ट्रिप

उष्णतेने ठरावीक वेळाने ट्रिप होणाऱ्या यंत्रांत पहिला प्रश्न असा: ट्रिप व्हायच्या क्षणी व्होल्टेज वर जात होतं की खाली येत होतं? हे प्रोबशिवाय कळत नाही, अंदाजाने तर मुळीच नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मोजणीच्या जागी यंत्र बंद असताना प्रोब नीट बांधून ठेवा, मग चालू करा आणि दुरून मीटर बघत बसा. मीटरचा इनपुट १० मेगाओहमचाच हवा. काही मीटर लहान रेंजवर त्याहून कितीतरी जास्त इनपुट दाखवतात, मग १००० ला १ हे गुणोत्तर बिघडतं आणि खोटा आकडा मिळतो. प्रोब स्वतः ३४ किलोव्होल्टला ३४ मायक्रोअॅम्पिअर ओढतो हेही ध्यानात असू द्या.

व्होल्टेज हळूहळू चढत जाऊन ट्रिप झालं तर दोन संशयित सगळ्यात पुढे.

पहिला, फ्लायबॅक पद्धतीच्या जनरेटरमधला रिट्रेस कंडेन्सर, म्हणजे मॉस्फेट किंवा आउटपुट ट्रान्झिस्टरच्या आडवा बसवलेला उच्च व्होल्टेजचा पॉलिप्रॉपिलीन. त्याची कपॅसिटी घटली की रिट्रेस, म्हणजे परतीचा पल्स, आखूड होतो, पल्सची उंची वाढते आणि त्याबरोबर एचव्ही. अनेक यंत्रांत दोन-तीन कंडेन्सर समांतर असतात, त्यांतल्या एकाच्या पायाचं सोल्डर तडकलं की हाच परिणाम. बदलताना कपॅसिटी, व्होल्टेज, प्रकार आणि टॉलरन्स चारही जुळलेच पाहिजेत. 'जवळपासचा' चालत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मागताना जुना कंडेन्सर बरोबर न्या आणि मीटरवर मोजूनच घ्या.

दुसरा, डिव्हायडरचा वरचा रेझिस्टर, शेकडो मेगाओहमचा, बहुधा ब्लॉकमध्येच भरलेला. त्याची किंमत वयाने वाढली की परत येणारा नमुना कमी पडतो, रेग्युलेटरला वाटतं व्होल्टेज कमी आहे, आणि तो ते वाढवत नेतो. इथे एक धोका नीट समजून घ्या. ओव्हरव्होल्टेज संरक्षण ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वाइंडिंगवरून मोजत असेल तर ते ट्रिप होतं आणि आपल्याला कळतं. पण ते त्याच डिव्हायडरवर अवलंबून असेल तर दोघांनाही खोटंच माप मिळतं, यंत्र न कुरकुरता चालत राहतं, आणि अॅनोडला असायला हवं त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज असतं. चित्र उलट जरा लहान, धारदार आणि उजळ दिसतं, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. म्हणून ट्रिप होत नसलं तरी जुन्या यंत्राचं एचव्ही एकदा बाहेरच्या प्रोबने मोजणं मी आवश्यक मानतो.

एक्स-रे संरक्षण बायपास करून 'बघू तरी काय होतं' असं कृपया कधीही करू नका. इतक्या व्होल्टेजला धडकणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण निर्माण करतातच. ट्यूबची काच आणि भोवतीचं कवच ते ठरलेल्या व्होल्टेजपर्यंतच अडवतं, आणि व्होल्टेज थोडं वाढलं तरी बाहेर पडणारं प्रमाण फार वेगाने वाढतं. अमेरिकेत १९७० पासून टीव्ही संचांना पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर ताशी ०.५ मिलिराँटजेन ही मर्यादा आहे. ती पाळली जावी म्हणूनच ते सर्किट तिथे बसवलेलं आहे. ट्यूबभोवतीचं धातूचं कवच काढून यंत्र चालवणंही याच कारणासाठी टाळा.

पावसाळ्यातलं ट्रिप

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हा या यंत्रांचा कसोटीचा काळ. हाय व्होल्टेज धूळ ओढून घेतं. कोरडी धूळ फारसा त्रास देत नाही. तीच धूळ दमट झाली की पृष्ठभागावरून करंटला वाट मिळते. आधी हलका 'स्स्स' आवाज, ओझोनचा उग्र वास, मग एके दिवशी स्पार्क. स्पार्क पडलेल्या जागी कोळशाची बारीक रेघ उमटते आणि पुढचा स्पार्क तिथूनच जातो.

जागा शोधायला खोलीत पूर्ण अंधार करा, डोळे दहा मिनिटं सरावू द्या, मग चालू करून लांबून बघा. कोरोना जांभळट दिसतो. आवाजाचा माग काढायला मीटरभर लांब प्लॅस्टिकची पोकळ नळी एका कानाला लावून दुसरं टोक फिरवता येतं, पण हात यंत्राबाहेरच ठेवा. एखाद्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओवर मीडिअम वेव्हला रिकामी जागा लावून तो जवळ ठेवला तर डोळ्यांना न दिसणाऱ्या डिस्चार्जची खरखरही ऐकू येते.

सापडलेली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, प्लगच्या रबरात थोडं सिलिकोन ग्रीस लावा. स्प्लिटरच्या अंगाला तडा असेल तर मी स्पष्टच सांगतो, वरून लावलेला लेप फार दिवस टिकत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन तर अजिबात लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर प्रकारचं घ्या, तडा आतपर्यंत साफ आणि कोरडा करून भरा, आणि त्या वेळात दुसरा स्प्लिटर शोधायला लागा.

एक कारण मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, ते म्हणजे कूलंट. ट्यूबचं तोंड आणि लेन्स यांच्यामधल्या पोकळीत ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं मिश्रण भरलेलं असतं. रबरी रिंग कडक झाली की ते थेंबाथेंबाने झिरपतं, योकवरून (मानेभोवतीच्या डिफ्लेक्शन कॉइलवरून) वाहत खाली जातं आणि कधी बरोबर स्प्लिटरवर किंवा अॅनोड वायरीवर पडतं. ग्लायकॉल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे हा ओघळ कधीच सुकत नाही. कोकणातल्या एका होम थिएटरमधलं यंत्र दर पावसाळ्यात ट्रिप व्हायचं, दिवाळीनंतर आपोआप बरं व्हायचं, आणि दोन वेगवेगळ्या दुरुस्त्यांत त्याचं मॉड्यूल बदललं गेलं होतं. निळ्या ट्यूबखालचा प्लॅस्टिकचा पत्रा उचलला तेव्हा खाली चिकट ओघळ होता, स्प्लिटरच्या प्लगपर्यंत पोचलेला. रिंग बदलली, ओघळ धुतला, तेव्हापासून ते यंत्र पावसाळ्यातही चालतंय.

हा ओघळ नुसत्या अल्कोहोलने पुसून भागत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या कापडाने दोनतीनदा पुसा, ग्लायकॉल पाण्यात चांगलं विरघळतं, मग अल्कोहोल, मग दिवसभर वाळवण. हे द्रव्य विषारी असून चवीला गोड असतं. कापड, भांडी, सांडलेले थेंब लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्यापासून दूर ठेवा.

'सकाळी चित्र धुरकट, अर्ध्या तासाने स्वच्छ' ही पावसाळ्यातली आणखी एक तक्रार एचव्हीच्या माथी मारली जाते. ती जवळजवळ नेहमी ट्यूबच्या बेसची असते. आतल्या फोकसच्या स्पार्क गॅपला हिरवा गंज चढलेला असतो. टीव्ही दुरुस्त केलेल्या कोणत्याही जुन्या मेकॅनिकला हे माहीत आहे. बेस बदला, विषय संपतो.

मॉड्यूलच दोषी असेल तर

वरचं सगळं तपासून झालं आणि बीम नसतानाही ट्रिप होतंय, तर आता मॉड्यूल उघडा. बी प्लस वेगळा काढून त्यावर बल्बचा भार द्या. योग्य व्होल्टेजचा किंवा दोन-तीन बल्ब मालिकेत. बी प्लस स्थिर राहिला तर पॉवर सप्लाय ठीक. तो 'टिक टिक टिक' करत सुरू-बंद होत असेल आणि त्यात ३८४२ आयसी असेल, तर तिच्या सप्लायचा छोटा इलेक्ट्रोलिटिक बघा. ही आयसी १६ व्होल्टला सुरू होते आणि १० ला थांबते. कंडेन्सरचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) वाढला की ती सुरू होते तोच सप्लाय कोसळतो. रुपयांत मोजायचा भाग आहे, पण तिथवर कोणी पोचतच नाही. मेन्सला मालिकेत बल्ब जोडलेला आपला नेहमीचा सिरीज बोर्ड इथे दिशाभूल करतो. मोठ्या प्रोजेक्टरला बल्बमधून पुरेसा करंट मिळत नाही आणि चांगली एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) सुद्धा टिकटिकायला लागते.

मॉस्फेट बदलले, काही दिवस चालले, पुन्हा उडाले, असं होत असेल तर मॉस्फेट बदलणं थांबवा. ट्रान्सफॉर्मरच्या आणि ड्रायव्हरच्या पायांभोवती भिंगाने बघा, सोल्डरमध्ये गोल तडा गेलेला असतो. गेट ड्राइव्हचे इलेक्ट्रोलिटिक ईएसआर मीटरवर तपासा. हे ठीक असेल तर ट्रान्सफॉर्मरची रिंग टेस्ट करा, म्हणजे वाइंडिंगला पल्स देऊन त्याची कंपनं किती टिकतात ते बघा. वाइंडिंगचे दोनचार फेरे जरी आपसात शॉर्ट असले तरी ओहममीटरला फरक कळत नाही, पण रिंगिंग लगेच दबतं. चांगल्या मॉड्यूलशी तुलना करता आली तर निष्कर्ष पक्का. आतले एचव्ही डायोड साध्या मल्टिमीटरवर कोणत्याच दिशेने चालत नाहीत, कारण ते अनेक जंक्शनांच्या माळेचे असतात आणि त्यांना चालू व्हायलाच कितीतरी व्होल्ट लागतात. तेवढ्यावरून ते ओपन ठरवू नका.

सगळ्यात जास्त भरवसा मला कमी बी प्लसच्या चाचणीवर आहे. मॉड्यूलचा बी प्लस तोडा, बेंच सप्लायवरून नेहमीच्या २० टक्के व्होल्टेज द्या, करंटची मर्यादा लावून. ड्राइव्ह त्याच्या मूळ सप्लायवर असू द्या. चांगलं फ्लायबॅक मॉड्यूल साधारण तेवढ्याच प्रमाणात एचव्ही देतं, म्हणजे ६-७ किलोव्होल्ट, आणि करंट अगदी थोडा घेतं. करंट लगेच मर्यादेला भिडला आणि एचव्ही वर येत नसेल, तर ट्रान्सफॉर्मर किंवा आतला डायोड गेला. या व्होल्टेजला काही फुटत नाही, जळत नाही, शांतपणे मोजता येतं.

प्रोब नसेल तर पडदा

चुंबकीय डिफ्लेक्शनमध्ये चित्राचा आकार अॅनोड व्होल्टेजच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे एचव्ही ४ टक्के पडलं तर चित्र सुमारे २ टक्के फुगतं. २ मीटर रुंद चित्रावर हे ४ सेंटिमीटर होतात, टेपने मोजता येतात. जाळीचा पॅटर्न लावा, ब्राइटनेस कमी ठेवून कडांवर खुणा करा, मग पांढरी पट्टी असलेला उजळ पॅटर्न लावून पुन्हा बघा. तिन्ही रंग सारखेच फुगत असतील तर जनरेटरचं रेग्युलेशन कमकुवत झालंय. एकच रंग फुगतोय आणि बाकीचे दोन जागेवर आहेत, तर जनरेटरला हात लावायची गरज नाही. त्या ट्यूबची वायर, प्लग किंवा स्प्लिटरमधली तिची शाखा बघा. खरं व्होल्टेज किती, हे पडदा सांगत नाही. फक्त बदल सांगतो. ओव्हरव्होल्टेजचा संशय असेल तेव्हा प्रोबला पर्याय नाही.

दुरुस्तीनंतर

जी-टू खुणेवर परत आणा, पण तिथेच सोडू नका. मॅन्युअलमधल्या पद्धतीने प्रत्येक रंगाचा कटऑफ (बीम जिथे बंद होतो ती पातळी) पुन्हा लावा. आधीच्या कोणी तरी ट्रिप टाळायला किंवा म्हाताऱ्या ट्यूबचा उजेड वाढवायला तो हलवलेला असण्याची शक्यता असते. एचव्ही मोजा, गरज असेल तर ठरलेल्या आकड्यावर आणा, त्याच्या वर एक व्होल्टही नको. मग झाकण लावून, पंख्यांच्या जाळ्या साफ करून, हलत्या चित्रावर सलग दोन-तीन तास चालवा. एकाच स्थिर पॅटर्नवर नको, ट्यूबवर डाग बसतो. उष्णतेचे दोष उघड्या यंत्रात लपतात, झाकण लागल्यावरच बाहेर येतात. शेवटी थंड आणि गरम अवस्थेतलं एचव्ही, बी प्लस, तिन्ही कॅथोडचे व्होल्टेज आणि तारीख कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या ट्रिपच्या वेळी तुलना करायला हे आकडे लागतील.